कंपनीचा रामराम, फोन मात्र ठणठणीत

पत्र : साडेतीन वर्षांपूर्वी घेतलेला माझा फोन अजून ठणठणीत आहे. काच फुटलेली नाही, बॅटरी दिवसभर पुरते, कॅमेरा मला हवा तेवढा चांगला आहे. गेल्या महिन्यात कंपनीच्या संकेतस्थळावर सहज डोकावले, तर अपडेट मिळणाऱ्या फोनच्या यादीतून माझं मॉडेलच गायब! विचारणा केली तर ‘सपोर्टचा कालावधी संपला आहे’ एवढंच उत्तर. चांगली चालणारी वस्तू कंपनीने अशी वाऱ्यावर सोडावी का? किती वर्षं अपडेट देणं हे तिचं कर्तव्य मानायचं? मी आता नवा फोन घेऊन हा आईला द्यायचं म्हणते आहे. ती फक्त फोनवर बोलते, फोटो बघते आणि बँकेचे मेसेज वाचते. तिला काय फरक पडणार?
ता. क. – माझा भाऊ अपडेट आलं तरी टाकतच नाही. म्हणतो, अपडेट टाकलं की फोन मंदावतो, तो कंपन्यांचा डावच असतो. खरं आहे का हे?

उत्तर :

आधी आईचं बोलू, कारण बाकीच्या गोष्टी चार दिवस थांबू शकतात. हा फोन तिला देऊ नका. ‘फक्त बँकेचे मेसेज वाचते’ असं तुम्ही ओघात लिहून गेलात, पण सगळी मेख त्या ‘फक्त’मध्येच आहे. बँकेचा ओटीपी ज्या फोनवर येतो, तो फोन म्हणजे तिजोरीची किल्ली. त्यात बँकेचं ॲप असो वा नसो, मेसेज वाचू शकणारं एखादं चोरटं ॲप आत शिरलं की काम झालं. घरातला उतरलेला फोन वडीलधाऱ्यांकडे सरकवताना आपल्या मनात ‘त्यांना कुठे एवढं लागतं’ असा हिशेब असतो. खरं तर आलेल्या लिंकवर भाबडेपणाने बोट ठेवण्याची शक्यता ज्याची जास्त, त्याच्याच हातात राखण सुटलेला फोन आपण देत असतो. द्यायचाच तर नवा तिला द्या आणि जुना तुम्ही वापरा. ते कसं, ते पुढे सांगतो.

आता तुमच्या फोनचं नेमकं काय संपलं ते बघा. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ किंवा ‘सुरक्षा’ या भागात अँड्रॉइडच्या सुरक्षा अपडेटची तारीख लिहिलेली असते. फोन कधी घेतला यापेक्षा ही तारीख जास्त बोलकी आहे. त्यातही एक बारकावा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. तारखेतला दिवस बहुधा १ किंवा ५ असतो. १ असेल तर त्या महिन्यात अँड्रॉइडच्या मूळ भागात केलेल्या दुरुस्त्या तुमच्यापर्यंत पोचल्या आहेत. ५ असेल तर त्यांच्या जोडीला कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या अगदी गाभ्याच्या, आणि चिप बनवणाऱ्यांनी दिलेल्या दुरुस्त्याही आल्या आहेत. त्याच्याच आसपास ‘गुगल प्ले सिस्टीम अपडेट’ अशी दुसरी तारीख दिसेल. ती कदाचित अजूनही पुढे सरकत असेल. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, सिस्टीमचे काही तुकडे फोन कंपनीला मधे न घेता गुगल थेट बदलू शकते. म्हणजे तुमचा फोन पूर्ण बेवारस झालेला नाही. अर्धवट झालाय.

अपडेट या एकाच शब्दाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी खपतात आणि निम्मा गोंधळ त्यातूनच होतो. एक म्हणजे नवी आवृत्ती: नवा चेहरामोहरा, नव्या सोयी, नवी चिन्हं. दुसरी सुरक्षेची डागडुजी. पहिली नाही मिळाली तर काही बिघडत नाही, उलट बरंच वाटतं अनेकांना. दुसरी थांबते तेव्हा मात्र काळजी करायची. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमधली ‘स्टेजफ्राइट’ ही त्रुटी उघड झाली होती. खास रचलेला व्हिडिओ मेसेजमधून पाठवला तर, काही फोनमध्ये तो न उघडताही, आतल्या व्यवस्थेत शिरकाव करता येत होता. गुगलने दर महिन्याला सुरक्षा पत्रक काढायला त्यानंतरच, ऑगस्ट २०१५ मध्ये सुरुवात केली. सप्टेंबर २०२३ मध्ये तर वेबपी या साध्या चित्रप्रकाराच्या वाचनप्रणालीत भोक सापडलं आणि क्रोम, फायरफॉक्स अशा अनेकांना धावाधाव करून दुरुस्ती काढावी लागली. तिथे वापरणाऱ्याने चूक करायची गरजच नव्हती. चित्र नुसतं समोर येणं पुरेसं होतं.

यात एक उलटा पेच आहे. दुरुस्ती जाहीर होते तेव्हा भोक कुठे होतं हेही जगजाहीर होतं. ज्यांना दुरुस्ती मिळते ते सुटतात. ज्यांना मिळत नाही, त्यांच्या घराचा पत्ता दर महिन्याला छापून येतो. म्हणून जुना फोन जसा होता तसाच राहिला, तरी त्याची जोखीम जागच्या जागी वाढत जाते. ‘कालपर्यंत चालला, उद्याही चालेल’ हा युक्तिवाद पंख्याला लागू पडतो. फोनला नाही.

मग कंपन्या हात का झटकतात? सगळंच लबाडीने होत नाही, हे कबूल करायला हवं. दुरुस्ती गुगलकडून निघून थेट तुमच्या फोनवर येत नाही. मधे चिपवाला बसलेला असतो: क्वालकॉम, मीडियाटेक वगैरे. मोडेम, ग्राफिक्स, कॅमेरा चालवणारा कितीतरी कोड त्यांचा असतो आणि तो बंद असतो, फोन कंपनीलाही आत हात घालता येत नाही. चिपवाल्याने जुन्या चिपकडे लक्ष देणं थांबवलं की फोन कंपनीच्या हातात पाना असतो, पण बोल्टपर्यंत तो पोचत नाही. शिवाय वर्षाला डझनावारी मॉडेलं काढणाऱ्या कंपनीला प्रत्येक मॉडेलवर दुरुस्ती बसवून, तपासून मगच पाठवावी लागते. या साखळीतला गुंता कमी व्हावा म्हणून गुगलने २०१७ मध्ये, अँड्रॉइड ८ च्या वेळी, ‘ट्रेबल’ नावाने चिपकडचा भाग आणि मूळ अँड्रॉइड वेगळे केले. त्याने काम सोपं झालं, पण संपलं नाही.

तरीही ‘तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही’ हे उत्तर मी आता ऐकून घेत नाही. नेदरलँड्समधल्या फेअरफोन या छोट्या कंपनीने २०१५ साली फेअरफोन २ विकायला काढला, अँड्रॉइड ५ वर. पुढे त्यातल्या चिपचा क्वालकॉमकडचा आधार संपला. तरी हे लोक तिला चिकटून राहिले आणि अँड्रॉइड १० पर्यंत नेऊन मार्च २०२३ मध्ये, सात वर्षांनी, त्यांनी तो फोन निवृत्त केला. फेअरफोन ५ च्या वेळी त्यांनी शहाणपणा केला. नेहमीच्या मोबाइल चिपऐवजी क्वालकॉमचीच औद्योगिक वापराची, जास्त वर्षं सांभाळली जाणारी चिप निवडली. मूठभर माणसांची कंपनी जे करू शकते ते कोट्यवधी फोन विकणाऱ्यांना जड जातं, यावर विश्वास ठेवायचा का, ते तुम्हीच ठरवा. मोठ्यांचाही सूर हल्ली बदललाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ ला सात वर्षांचं वचन दिलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ ला तेच दिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वालकॉम आणि गुगलने मिळून स्नॅपड्रॅगन ८ एलिट या चिपपासून पुढे आठ वर्षांपर्यंत अपडेट देता येतील अशी सोय जाहीर केली. काही वर्षांपूर्वीपर्यंत दोन-तीन वर्षांवर बोळवण करणारा हाच धंदा होता. तेव्हा अडचण तंत्राची कमी आणि मनाची जास्त होती, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

तर किती वर्षं? माझं उत्तर : सुरक्षेची डागडुजी सात वर्षं, आणि मोजणी कंपनीने त्या मॉडेलचा शेवटचा नग विकायला ठेवला त्या दिवसापासून. नव्या आवृत्त्या तीन-चार मिळाल्या तरी माझी तक्रार नाही.

वर्षांच्या आकड्यापेक्षा मोजणीच्या सुरुवातीवर माझा जास्त जोर आहे, कारण तिथे मी स्वतः ठेचकाळलोय. एकदा चांगली सूट होती म्हणून एक फोन घेतला. जाहिरातीत ‘चार वर्षं सुरक्षा अपडेट’ असं ठसठशीत लिहिलेलं. दोन वर्षं आणि काही महिन्यांनी अपडेट थांबले. मी तावातावाने कंपनीला लिहिलं, बिल जोडलं. उत्तर अगदी शांत आलं. चार वर्षं म्हणजे मॉडेल बाजारात प्रथम आलं त्या दिवसापासून, तुम्ही कधी घेतला त्याच्याशी संबंध नाही. परत जाऊन पाहिलं तर पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात ते होतंही. सूट कशाची होती ते तेव्हा कळलं. फोनचं निम्मं आयुष्य दुकानाच्या फळीवरच संपलं होतं. तुमच्या साडेतीन वर्षांतही असंच काही झालं असण्याचा दाट संभव आहे. तुमचं मॉडेल बाजारात कधी आलं ते एकदा शोधून बघा.

युरोपीय संघाने ही गोम बरोबर ओळखली. २० जून २०२५ पासून तिथे लागू झालेल्या नियमात अपडेटची किमान पाच वर्षं त्या मॉडेलची बाजारातली आवक बंद झाल्यापासून मोजायची आहेत. त्याच नियमात सुटे भाग सात वर्षं मिळावेत आणि बॅटरीने ८०० वेळा भरल्यानंतरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के तरी धरावी, असंही आहे. मात्र शब्दरचनेत एक फट राहून गेली आहे. कंपनी अपडेट देत असेल तर ते सगळ्यांना फुकट द्यावेत, असा त्याचा अर्थ लावता येतो, आणि ‘असेल तर’ या दोन शब्दांतून अख्खी बैलगाडी जाऊ शकते. ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. २९ एप्रिल २०२४ पासून तिथे सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळतील ते कंपनीला जाहीर करावंच लागतं. ते किती दिवस असावेत यावर मात्र बंधन नाही. मला वाटतं दोन्ही हवं. खोक्यावर वर्षांचा आकडा नको, सरळ शेवटची तारीख हवी, औषधाच्या पाकिटावर असते तशी. ‘चार वर्षं’ म्हटलं की कुठपासून हा वाद उरतो. तारखेला वाद नसतो.

सुरक्षेची आणि नव्या आवृत्तीची फारकत करता येते का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी आयफोन ५एस पुरे. तो २०१३ चा. २०१९ मध्ये आयओएस १३ आलं तेव्हा त्याला वगळलं गेलं, तो १२ वरच राहिला. पण जानेवारी २०२३ मध्ये, फोन नऊ वर्षांचा झालेला असताना, ॲपलने त्याच जुन्या १२ साठी सुरक्षेची दुरुस्ती पाठवली. नवा अंगरखा दिला नाही, पण फाटलेलं शिवून दिलं. एवढीच तर अपेक्षा आहे.

मला याहून जास्त खटकतं ते किमतीचं गणित. सात वर्षांची वचनं मुख्यतः महागड्या मॉडेलना मिळतात, स्वस्त मॉडेलची बोळवण त्याहून बऱ्याच कमी वर्षांत होते. आता सांगा, महागडा फोन घेणारा तो सात वर्षं वापरतो की दोन वर्षांत बदलतो? आणि फोन पुरवून पुरवून, बॅटरी बदलून, काचेवर चिकटपट्टी लावून कोण वापरतो? ज्याला अपडेट सर्वांत जास्त दिवस लागतात त्यालाच ते सर्वांत कमी दिवस मिळतात. खर्च येतो हे मान्य. चार वर्षांपूर्वी विकलेल्या फोनवर आज अभियंता बसवायचा तर त्याचा पगार कुठून काढायचा, हा कंपनीचा प्रश्न खोटा नाही. तो विक्रीच्या किमतीतच धरावा, फोन थोडा महाग झाला तरी चालेल, असं माझं मत. मॉडेलांची संख्या कमी केली तरी बराच खर्च वाचेल. कॅमेऱ्याच्या कडेचा रंग बदलून तिसरं मॉडेल काढायची हौस कुणी सांगितली आहे? संगणकांचं उदाहरण समोर आहे. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं आणि एप्रिल २०१४ पर्यंत त्याला आधार मिळाला. त्यानंतरही मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर पसरलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने निवृत्त एक्सपीसाठी खास दुरुस्ती काढली. बारा-तेरा वर्षं हे तिथे कुणाला अतिरेकी वाटलं नाही.

आणि सात वर्षांनंतर? तेव्हा कंपनीने बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कोणती सिस्टीम चालवायची हे ठरवणारं कुलूप, उघडायची मुभा द्यावी आणि बाजूला व्हावं. लिनिएजओएससारख्या, अँड्रॉइडची स्वतंत्र आवृत्ती बनवणाऱ्या प्रकल्पांतले लोक हौसेने कितीतरी जुने फोन जिवंत ठेवतात. तुम्हाला मात्र मी आत्ता ती वाट सुचवत नाही. एक तर बूटलोडर उघडला की बँकांची बरीच ॲप चालायला नकार देतात. दुसरं, चिपकडचा बंद कोड तसाच जुना राहतो, वरचं अँड्रॉइड कितीही ताजं असलं तरी. हौस असेल तर दुसऱ्या एखाद्या रिकाम्या फोनवर करून बघा, मजा येते.

तुमच्या फोनचं काय करायचं ते सांगतो म्हटलं होतं. सुरक्षा तारीख दोन-तीन महिनेच मागे असेल तर आज धावपळ नको. सहा महिन्यांहून जास्त मागे पडली की पैशाचे व्यवहार त्यावरून हलवा. नुसतं बँकेचं ॲप काढून भागत नाही, बँकेला जोडलेलं सिमही काढा. लोक ॲप काढतात आणि ओटीपीचं सिम तिथेच ठेवतात, म्हणजे दार लावून खिडकी उघडी. तुमचा मुख्य ईमेलही त्यावर नको, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात. मग उरलेला फोन गाणी, फोटो, नकाशे, वाचन, व्हिडिओ यांना मजेत वापरा. क्रोम किंवा फायरफॉक्स ताजा ठेवा. ब्राउझरची दुरुस्ती ॲप स्टोअरमधून वेगळी येते, तिचा फोन कंपनीशी संबंध नसतो, आणि बाहेरचं बरंचसं जग फोनमध्ये ब्राउझरमधूनच शिरतं. अधिकृत स्टोअरबाहेरचं एकही ॲप नको, कुणी कितीही ओळखीच्याने फाइल पाठवली तरी. एखाद्या दिवशी व्हॉट्सॲपनेही ‘तुमचं अँड्रॉइड जुनं झालं’ म्हणून दार लावलं तर दचकू नका. ते वेळ आली की सगळ्यांचंच होतं, आणि साडेतीन वर्षांच्या फोनला त्याला अजून पुष्कळ अवकाश आहे.

आईसाठी फोन घ्याल तेव्हा विक्रेत्याला मेगापिक्सेल विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: हे मॉडेल बाजारात कधी आलं, आणि सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत आहेत. विक्रेत्याला बहुधा दोन्ही ठाऊक नसतील, तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावर बसून शोधा आणि त्या पानाचं छायाचित्र काढून बिलाबरोबर ठेवा. पानं बदलतात. अपडेट दर महिन्याला येतात की तीन महिन्यांनी, तेही बघा. वर्षं मोठी लिहून हप्ते लांबवणं हीसुद्धा एक कला आहे. आणि बॅटरी बदलून मिळते का, किती सहज मिळते, हे नक्की. सात वर्षांचं सॉफ्टवेअर आणि तीन वर्षांची बॅटरी यांचा संसार फार काळ टिकत नाही.

राहिला तुमचा भाऊ. त्याला अगदीच वेड्यात काढू नका, त्याच्या बोलण्याला इतिहास आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी थकलेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून केलं, असं कारण दिलं. ते खोटं नव्हतं, पण वापरणाऱ्याला आधी सांगितलं नव्हतं. फ्रान्समध्ये त्यावरून २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड झाला. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड केला होता. जुन्या फोनवर त्यांना न पेलणाऱ्या नव्या आवृत्त्या टाकायला लावल्या, असा ठपका होता. पण दोन्हीकडे वाद नव्या आवृत्त्यांचा आणि त्यातून आलेल्या बदलांचा होता, दर महिन्याच्या छोट्या सुरक्षा पॅचचा नव्हे. भावाला म्हणावं, मोठी आवृत्ती आली तर दोन-तीन आठवडे खुशाल थांब, इतरांचे फोन कसे चालतात ते बघ, जागा मोकळी कर, मग टाक किंवा टाकूही नकोस. ज्या छोट्या अपडेटवर फक्त ‘सुरक्षा’ लिहिलेलं असतं, ते मात्र आलं त्या रात्री चार्जरला लावून टाकून मोकळा हो. त्याच्या फोनला अजून अपडेट येतायत आणि तो नको म्हणतोय, तुम्हाला हवेत तर येत नाहीत. दोघांचे फोन शेजारी ठेवून ती सुरक्षेची तारीख एकदा ताडून बघा. त्याची तुमच्याहून जुनी निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.